रिंग बसवायची, पण काढणार कोण?

अंग बाहेर येतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला आपल्याकडे बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: पिशवी काढून टाका. त्याआधी, त्याऐवजी किंवा ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत वापरता येईल अशी एक साधी वस्तू असते. डॉक्टरांच्या कपाटात नसली, तर शहरातल्या सर्जिकलच्या दुकानात मिळते. तिचं नाव पेसरी. बोलताना डॉक्टर आणि नर्सबाई तिला सरसकट ‘रिंग’ म्हणतात, कारण सर्वांत जास्त वापरात असलेला प्रकार खरोखरच एक गोल कडं असतो. ती योनिमार्गात बसवतात, घसरलेले अवयव ती वर धरून ठेवते, आणि नीट बसली तर आत काही आहे हे बाईला जाणवतही नाही.

आधी घसरतं काय, ते पाहू. ओटीपोटाच्या तळाशी पुढे लघवीची पिशवी, मधे गर्भपिशवी आणि मागे गुदाशय असतो. या तिन्हींचा भार तळाचे स्नायू आणि त्यांना हाडांशी बांधून ठेवणारे तंतू पेलतात. बाळंतपणात हे स्नायू ताणले जातात, कधी फाटतात. पुढे पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि उरलेली ताकदही ओसरते. त्यात जुना खोकला, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता आणि डोक्यावर-कमरेवर वाहिलेली ओझी यांची भर पडते. मग कुणाची पुढची भिंत लघवीच्या पिशवीसकट उतरते, कुणाची गर्भपिशवी खाली सरकते, कुणाची मागची भिंत फुगून पुढे येते. गर्भपिशवी काढून टाकलेल्या बाईतही योनिमार्गाचा माथा खाली उलटून येऊ शकतो. ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी फारशी कुणी सांगत नाही.

त्रासाचं वर्णन सगळ्या जणी जवळपास सारखंच करतात. सकाळी काही वाटत नाही. दुपारनंतर ओटीपोटात ओढ लागते, संध्याकाळी खाली गोळा हाताला लागतो. लघवी पूर्ण होत नाही, बोटाने वर ढकलावं तेव्हा कुठे धार सुटते. हे वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तो अभ्यास केवळ अंग बाहेर येण्याबद्दल नव्हता, पण न सांगता सोसण्याचं प्रमाण किती असतं, ते त्याने आकड्यांत दाखवलं.

घसरलेलं वर ढकलून तिथेच थोपवायचं, ही युक्ती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात खाली उतरलेल्या योनीला तूप लावून, दुधाचा शेक देऊन आत सारावं आणि वर बंध बांधावा असा उपचार आहे. ग्रीक वैद्य अर्धं डाळिंब आत बसवत. सोळाव्या शतकात फ्रान्सचा शल्यविशारद आंब्रवाझ पारे पितळेच्या आणि मेण लावलेल्या बुचाच्या पेसऱ्या करत असे. १८३९च्या सुमारास अमेरिकी संशोधक गुडइयरने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि फिलाडेल्फियाचे प्राध्यापक ह्यू हॉज यांनी त्या रबराची वळणदार पेसरी घडवली. हॉजचं नाव त्या आकाराला आजही चिकटलेलं आहे. पुढे तर पेसऱ्यांचं पेवच फुटलं. १८६७ साली न्यू हॅम्पशरच्या डॉ. बक यांनी १२३ प्रकार झाल्याची तक्रार केली आणि आपल्याच व्यवसायबंधूंची यथेच्छ टर उडवली. त्यांचा वैताग समजण्यासारखा होता, कारण त्या काळी कंबरदुखीपासून चिडचिडेपणापर्यंत कशालाही ‘गर्भाशय वाकडं आहे’ हे कारण देऊन आत काहीतरी बसवलं जाई.

आजच्या बहुतेक चांगल्या पेसऱ्या वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनच्या असतात. सिलिकॉन वास धरत नाही, स्राव शोषत नाही, उकळलं तरी बिघडत नाही आणि धुऊन पुन्हा वापरता येतं. आपल्याकडे स्वस्तातली पीव्हीसीची रिंगही चालते. ती जरा ताठर असते, त्यामुळे बसवण्याआधी गरम पाण्यात घालून मऊ करतात, आणि काही महिन्यांनी बदलतात.

आकार अनेक असले, तरी काम करण्याच्या तऱ्हा दोनच. पहिल्या तऱ्हेची पेसरी आधार देते. रिंग त्यातली. तिचा मागचा काठ गर्भाशयाच्या तोंडामागच्या खोबणीत जातो, पुढचा काठ समोरच्या जघनाच्या हाडाआड टेकतो, आणि मधल्या जागेत भिंती उचलून धरल्या जातात. काही रिंगांच्या मधे भोकं पाडलेला पातळ पडदा असतो. लघवीची पिशवी फार उतरली असेल तर तो उपयोगी पडतो, कारण नुसत्या कड्याच्या पोकळीतून भिंत खाली डोकावू शकते. काही रिंगांना पुढे एक गोल गाठ असते. ती लघवीच्या नळीखाली येते आणि खोकताना होणारी गळती कमी करते.

दुसऱ्या तऱ्हेची पेसरी जागा व्यापून बसते. स्नायू इतके सैल झालेले असतात की रिंगला टेकायला काही उरत नाही, तेव्हा ती लागते. गेलहॉर्न हा यातला नावाजलेला प्रकार: वर किंचित खोलगट गोल तबकडी आणि तिच्या मधोमध खाली आलेला दांडा. तबकडी आतल्या भिंतीला चिकटून राहते, दांडा तिला आडवं होऊ देत नाही. डोनट नावाचा प्रकार म्हणजे थेट मेदूवडा, तसाच जाड आणि मधे भोकाचा. क्यूब हा सहा बाजूंनी खोलगट असलेला ठोकळा. त्याच्या प्रत्येक बाजूने भिंत ओढून धरली जाते, त्यामुळे इतर काहीच टिकत नाही तिथेही तो टिकतो. पण त्याच ओढीमुळे कातडी सोलवटण्याचा धोका असतो, म्हणून तो रोज रात्री काढायचा असतो. त्याला दोरी असते. ती ओढून काढायचा मोह होतो, पण तसं करायचं नसतं. आधी बोट कडेने फिरवून चिकटलेली बाजू सुटी करायची.

यातली कोणती घ्यायची? पुस्तकी उत्तर सोपं आहे: कमी उतरलं असेल तर रिंग, जास्त उतरलं असेल तर गेलहॉर्न. प्रत्यक्षात ही सीमारेषा फार पुसट निघते. अमेरिकेत १३४ स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येकीला पडद्याची रिंग आणि गेलहॉर्न आळीपाळीने तीन-तीन महिने वापरायला दिली होती. दोन्हींनी त्रास सारखाच कमी झाला. म्हणून अनुभवी डॉक्टर किती उतरलंय ते बघतात, पण सुरुवात बहुधा रिंगनेच करतात. बसली तर बसली, नाही तर पुढची. न बसण्याचीही ठोकळ चिन्हं आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात १०० पैकी ७३ जणींना दोन आठवड्यांनंतर पेसरी व्यवस्थित बसलेली होती. ज्यांना जमली नाही त्यांच्यात योनिमार्गाची लांबी सहा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असणं आणि तोंड चार बोटांइतकं रुंद असणं जास्त आढळलं.

माप घ्यायला कोणतंही यंत्र लागत नाही. बाईने लघवी करून यायचं आणि टेबलावर पडायचं. डॉक्टर दोन बोटं आत घालून मधल्या बोटाचं टोक मागच्या खोबणीला टेकवतात, आणि समोरचं हाड हाताला जिथे लागतं तिथे अंगठ्याने खूण धरतात. बोटं बाहेर काढून ते अंतर रिंगच्या व्यासाशी ताडून पाहतात. मग रिंगच्या टोकाला थोडी जेली लावायची, ती दुमडून अर्धी करायची, मागे आणि किंचित खालच्या दिशेने सरकवायची, आत गेल्यावर उघडू द्यायची. सिलिकॉनची रिंग खाचांच्या जागीच दुमडते, म्हणून उघडल्यावर ती पाव फेरा वळवतात. नाहीतर त्याच रेषेवर पुन्हा मिटून खाली निसटते. शेवटी रिंग आणि भिंत यांच्यामधून सगळीकडे एक बोट सहज फिरलं पाहिजे. फिरलं नाही तर ती मोठी आहे, आज दुखत नसलं तरी पंधरा दिवसांत जखम करणार.

इथे बरेच डॉक्टर ‘झालं’ म्हणतात. खरं तर परीक्षा इथून सुरू होते, आणि ती टेबलावर होत नाही.

“मावशी, उभ्या राहा. जोरात खोका.”

“खोकले. काही नाही आलं.”

“आता खुरपायला बसता तशा उकिडव्या बसा. आणि शौचाला बसल्यासारखं कुंथा.”

“मॅडम… निसटली हो.”

“निसटू दे. म्हणून तर इथं बसायला सांगितलं. घरी निसटली असती तर परत आला असतात का?”

मग एक नंबर मोठी. पुन्हा खोकला, पुन्हा उकिडवं, वऱ्हांड्यात दहा मिनिटं चालणं, संडासात जाऊन लघवी होते का ते पाहणं. लघवी अडली तर रिंग मोठी झाली किंवा चुकीची बसली. निसटली तर लहान झाली. दुखलं, टोचलं, आत काहीतरी आहे असं सतत वाटलं, तर तीही चालणार नाही. दोन-तीन नंबर बदलावे लागणं यात अपयश काही नाही. परदेशी पुस्तकांत ही परीक्षा खुर्चीवरून उठणं-बसणं अशी सांगितलेली असते. आपल्याकडे जिचा दिवस उकिडवं बसून जातो, तिची परीक्षा उकिडवंच घ्यायला हवी. लादी पुसणारी, भांडी घासणारी, कांदे काढणारी बाई टेबलावर पडून खोकली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

नंबर ठरला की उरतो तो प्रश्न, ज्यावर माझ्या मते सगळी निवड अवलंबून असावी: ही काढणार कोण?

रिंग बाईला स्वतः काढता येते. बोट काठात अडकवायचं, घडीची रेष तोंडाशी येईल इतकी फिरवायची आणि खाली ओढायची. आठवड्यातून एकदा रात्री काढली, साबण-पाण्याने धुतली, सकाळी पुन्हा घातली, की भिंतींना विसावा मिळतो. नवऱ्याशी संबंध असतील तर रिंग आत असतानाही चालतं, हवं तर काढूनही ठेवता येते. गेलहॉर्नचं तसं नाही. तिच्या तबकडीमागे बोट घालून चिकटण आधी सोडवावी लागते, मगच दांडा ओढता येतो. काही जणी ते शिकतात, पण पुष्कळ जणींना जमत नाही, आणि संबंधांच्या वेळी ती आत ठेवता येत नाही. म्हणजे पस्तीस वर्षांच्या, आणखी मूल हवं असलेल्या बाईला गेलहॉर्न सुचवणं म्हणजे तिच्या संसाराचा विचारच न करणं. उलट सत्तर-पंचाहत्तरच्या, बोटं संधिवाताने आखडलेल्या आजीला ‘दर आठवड्याला काढून धुवा’ सांगणं व्यर्थ आहे. तिला गेलहॉर्न चालेल, पण दर तीन महिन्यांनी कुणीतरी दवाखान्यात आणणार असेल तरच. आणि क्यूब, कितीही घट्ट बसत असला, तरी रोज काढण्याची तयारी आणि हात नसलेल्या बाईला देऊच नये.

अंतराचा हिशेबही यातच येतो. तालुक्याला जायचं म्हणजे एक रोजगार बुडतो, सोबत कुणाला तरी न्यावं लागतं. अशा बाईला सगळ्यात घट्ट बसणारी पेसरी देण्यापेक्षा तिला हाताळता येईल अशी जराशी कमी घट्ट रिंग द्यावी, असं मला ठामपणे वाटतं. ब्रिटनमध्ये ३४० स्त्रियांच्या चाचणीत काही जणींना पेसरी स्वतः काढायला-घालायला शिकवलं, बाकीच्या ठरलेल्या तारखांना दवाखान्यात येत राहिल्या. दीड वर्षानंतर दोन्ही गटांच्या जगण्याच्या दर्जात फरक नव्हता, पण स्वतः हाताळणाऱ्यांत गुंतागुंत कमी झाली आणि खर्चही वाचला. आपल्याकडे हे शिकवायला अडचण येते ती लाजेची. स्वतःच्या योनीत बोट घालायचं, हे साठ वर्षांत कधी केलेलं नसतं. नर्सबाईंनी अर्धा तास देऊन, दार लावून, आधी रिंग हातात देऊन दुमडायला लावली की भीड चेपते. घाईच्या ओपीडीत तो अर्धा तास कोण देणार, हा वेगळा प्रश्न.

शिकवण्याची ही गरज नेपाळमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसली. तिथे अंग बाहेर येण्याची तक्रार इतकी व्यापक आहे की २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो प्रजनन आरोग्याच्या हक्काचा प्रश्न ठरवला आणि सरकारला त्यावर काम करायला सांगितलं. शिबिरांत ऑपरेशनं होतात, रिंगाही बसवल्या जातात. पण डोंगरातल्या गावी परतलेल्या बाईला रिंग कधी आणि कशी काढायची हे सांगितलेलं नसेल, तर शिबिराचा उपकार पुढे अपकार होतो.

कारण विसरलेली पेसरी वाईट असते. थोडा पांढरा स्राव वाढणं नेहमीचं आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पण घाण वास, रक्ताचा डाग, ओटीपोटात दुखणं, लघवी तुंबणं यांपैकी काहीही झालं की त्याच दिवशी दाखवायचं. पाळी गेलेल्या बायकांची त्वचा पातळ झालेली असते, म्हणून डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम आतून लावायला देतात. जखम झालीच तर पेसरी काही आठवडे बाहेर ठेवली की बहुधा भरून येते. वर्षानुवर्षं आत राहिलेली रिंग मात्र भिंतीत रुतते. क्वचित ती भिंत पोखरून लघवीच्या पिशवीत किंवा गुदाशयात भोक पाडते. अशा बऱ्याच प्रकरणांत बाईला, किंवा तिच्या मुला-सुनांना, आत काही आहे हे ठाऊकच नसतं. म्हणून रिंगचा प्रकार, नंबर, बसवल्याची तारीख आणि पुढची तारीख एका कार्डावर लिहून ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगावं. घरातल्या एका तरी माणसाला ते माहीत असावं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. काही जणींना रिंग बसवल्यावर खोकताना लघवी गळू लागते आणि त्या रिंगला दोष देतात. खरं म्हणजे उतरलेल्या पिशवीमुळे लघवीची नळी मुडपली होती आणि गळती दबलेली होती. पिशवी वर गेली, नळी सरळ झाली, जुनं दुखणं उघडं पडलं. गाठीची रिंग आणि तळाच्या स्नायूंचे आकुंचनाचे व्यायाम यांनी पुष्कळदा निभावतं.

काही वेळा पेसरी बसवूच नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त गेलं असेल तर आधी त्याचं कारण शोधायचं. आत जंतुसंसर्ग असेल तर तो आधी बरा करायचा. बाहेर राहून राहून गर्भाशयाच्या तोंडावर जखम झाली असेल तर आधी ती भरू द्यायची; त्यासाठी आपल्या वॉर्डांत पिवळ्याजर्द ॲक्रिफ्लेविन आणि ग्लिसरिनचा बोळा आत ठेवण्याची जुनी पद्धत आहे. अंग वर राहिलं की साकळलेलं रक्त उतरतं, सूज ओसरते, आणि जखम भरते.

मग ऑपरेशनचं काय? त्याला कमी लेखायचं कारण नाही, आणि महाराष्ट्राने तर नाहीच. मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी तरुण बायकांची गर्भपिशवी न काढता ती वर बांधून घेण्याच्या पद्धती काढल्या आणि त्या आजही त्यांच्या नावांनी ओळखल्या जातात. २०२२ साली नेदरलँड्समधल्या ४४० स्त्रियांच्या चाचणीचे निकाल आले. दोन वर्षांनी पेसरीच्या गटातल्या ७६ टक्के आणि ऑपरेशनच्या गटातल्या ८१ टक्के स्त्रियांनी बरं वाटतंय असं सांगितलं. पेसरीने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, पुढे ऑपरेशनकडे वळल्या होत्या. यावरून पेसरी ऑपरेशनच्या तोडीची आहे हे सिद्ध झालं नाही. पण जवळजवळ निम्म्या जणींचं दोन वर्षं चाकू न लावता भागलं, हेही त्याच आकड्यांत आहे. ऑपरेशनलाही त्याची स्वतःची किंमत असते. योनिमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळ्या अंग बाहेर येण्यावरचा हुकमी इलाज म्हणून विकल्या गेल्या, आणि २०१९ साली अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने त्यांची विक्री थांबवायला लावली. त्याच वर्षी बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली.

आपल्या पाठ्यपुस्तकांत पेसरी आहे, पण ती ऑपरेशन झेपणार नाही अशा म्हातारीसाठी, गरोदर बाईसाठी किंवा नुकत्याच बाळंत झालेलीसाठी. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतल्या धडधाकट बाईसमोर ती सहसा ठेवली जात नाही. तिने स्वतःच विचारावं. रिंग आहे का, कोणत्या प्रकारची, काढायला मला शिकवाल का, आणि मी परत कधी यायचं: एवढं विचारलं तरी पुरे. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरा डॉक्टर गाठावा. आणि रिंग घेतलीच, तर पहिल्या तपासणीला एक-दोन आठवड्यांत जायचंच, काही त्रास नसला तरी.